सायलेन्सरवरचा तांब्या

दिपाली : …आठ, दोन. ब्याऐंशी सालचं ट्रॅक्टर हाय, आबा. पाटीवर ठोकलंय.

ग्यानबा : पाटी पुसून वाचलीस का तशीच?

दिपाली : ओढणीनं पुसली. आधी ते शहाऐंशी वाटायलं होतं.

ग्यानबा : चार वर्षांचा फरक पडला बग. ओढणी धू, पण सवय ठेव.

कडूबाई : ब्याऐंशीचंच हाय. आमच्याकडं आलं एक्क्याण्णवला. बैलजोडी इकून घेतलं, चुडाव्याच्या माणसाकडून. ह्यांनी सोता चालवत आणलं हितं चारठाण्यापातूर. दोन दिवस लागले.

ग्यानबा : दोन दिवस काहून? लय हळू चालायचं का?

कडूबाई : न्हाई. वाटंत माझं माहेर लागतं. तिथं सगळ्यांला दाखवलं.

ग्यानबा : दिपे, कडूबाईंला आपण कोण ते सांगितलंस का? का थेट ओढणी घेऊन घुसलीस?

दिपाली : फोनवर सांगितलं होतं. मावशी, मी येलदरीची. आयटीआय केलंय, डिझेल मेकॅनिकचं. हे माझ्या आईचे वडील, ग्यानबा. चाळीस वर्षं जिंतूरला ट्रॅक्टरचं गॅरेज होतं ह्यांचं.

कडूबाई : फोनवर पोरगी बोलली तवा मला वाटलं, बापासाठी पाहती. का नवऱ्यासाठी.

दिपाली : मलाच पाहिजे. येलदरीच्या फाट्यावर गॅरेज टाकायचंय. मेलेलं ट्रॅक्टर चालू करून दारात उभं केलं, तर लोकं येतील. न्हाई तर पोरीच्या हातात कोण देतंय आपलं ट्रॅक्टर.

कडूबाई : आन चालू न्हाई झालं तर?

दिपाली : तर सहा शेळ्या गेल्या. त्या इकून आलेय मी. दुसरं काही न्हाई माझ्याकडं.

कडूबाई : किती आले सहा शेळ्यांचे?

ग्यानबा : बेचाळीस हजार.

दिपाली : आबा.

ग्यानबा : काय? त्यांनी विचारलं.

दिपाली : आपल्याकडचा आकडा आधी सांगायचा नसतो.

ग्यानबा : हे मीच शिकवलं का तुला?

दिपाली : तुमीच.

ग्यानबा : बरोबर शिकवलं.

कडूबाई : भंगारवाला बत्तीस म्हणलाय. आज दुपारी येणार हाय, गॅस कटर घेऊन. हितंच कापून गाडीत भरतो म्हणला. मला ही जागा मोकळी पाहिजे, शेळ्यांला गोठा बांधायचाय. तुमी काय ते दुपारच्या आत सांगा.

ग्यानबा : बत्तीस कशावरून म्हणला?

कडूबाई : अकरा क्विंटल भरतंय म्हणला. किलोला एकोणतीस.

ग्यानबा : कुठं तोललं?

कडूबाई : डोळ्यानं.

ग्यानबा : त्याच्या डोळ्याला सात क्विंटल कमी दिसतंय. ह्या बनावटीचं ट्रॅक्टर अठराच्या आसपास भरतं. रबराचे पैसे भंगारवाला देत न्हाई, म्हणून दोन क्विंटल टायरचं सोडा. सोळा राहिलं.

कडूबाई : सेहेचाळीस हजार चारशे.

दिपाली : मावशी, तुमी लय फटकन हिसाब केला.

कडूबाई : कापूस इकलाय जन्मभर.

दिपाली : आबा, इकडं या जरा. तुमी कुणाकडून आलात?

ग्यानबा : तुझ्याकडून.

दिपाली : बत्तीसवर मी पस्तीस म्हणले असते. मावशी खूष झाल्या असत्या, मीबी. आता भंगारच माझ्या पैशाच्या वर गेलं. अजून मी बॉनेट उघडलं न्हाई.

ग्यानबा : बंद मशीनची किंमत भंगारापासून मोजायची. ही खालची हद्द. तीच खोटी धरली तर वरचा सगळा हिसाब खोटा होतो. तू मला शिकवायला आणलंस का फसवायला?

दिपाली : घ्यायला आणलंय.

ग्यानबा : मग बॉनेट उघड. मी ह्या दगडावर बसतो. बोलणार न्हाई. चुकलीस तर खोकीन.

कडूबाई : दादा, पाणी देऊ का?

ग्यानबा : आत्ता नको. खोकायचंय.

दिपाली : मागचे दोन्ही टायर फाटलेत. आतले धागे दिसायलेत. पुढचे चालतील. बॅटरी न्हाई.

कडूबाई : बॅटरी पोरानं घरात लाईटला लावली. तीबी गेली. तो पुण्याला गेला.

दिपाली : ऑइलची दांडी काढते. काळं हाय. पांढरं न्हाई.

ग्यानबा : कडूबाईंला सांग, त्याचा अर्थ काय.

दिपाली : इंजिनच्या ऑइलमधी पाणी मिसळलं असतं, मावशी, तर ते ताकासारखं दिसलं असतं. काळं हाय म्हंजे इंजिन फुटलेलं न्हाई.

कडूबाई : मग भाव वाढला का?

दिपाली : जरा.

कडूबाई : सांगत जा तसं.

दिपाली : आता फॅन धरून इंजिन फिरवते. न्हाई फिरत. जाम हाय.

ग्यानबा : खों.

दिपाली : पट्ट्यामुळं का?

ग्यानबा : फॅन पट्ट्यावर चालतो. पट्टा घसरला तर फॅन फिरतो, इंजिन तसंच राहतं. पट्टा आखडला तर फॅन अडकतो आन आपण इंजिनला नाव ठेवतो. खालच्या पुलीच्या नटाला पाना लाव.

दिपाली : लावला. दोन्ही हातांनी ओढायलेय. हालत न्हाई. आता तरी जाम म्हणू का?

ग्यानबा : आता म्हण.

दिपाली : बरं. इंजिन जाम हाय. मावशी फोनवर म्हणल्या, अकरा वर्षं उघड्यावर उभं. सायलेन्सर वर तोंड करून हाय, त्यातून पावसाचं पाणी आत गेलं, पिस्टन गंजलं. इंजिन सगळं खोलावं लागंल. साठ-सत्तर हजार त्यालाच. आबा, हे भंगारच हाय. कापू द्या त्याला.

ग्यानबा : खों. खों.

दिपाली : दोनदा काहून?

ग्यानबा : दोन चुका हायत. गंज पाहिलास का?

दिपाली : न्हाई. पण अकरा वर्षं…

ग्यानबा : अकरा वर्षं म्हंजे गंज न्हाई. अकरा वर्षं म्हंजे अकरा वर्षं. आता वर बग. पाणी कुठून गेलं म्हणतीस?

दिपाली : सायलेन्सरमधून. त्याच्या तोंडावर… तांब्या पालथा घातलाय.

कडूबाई : तांब्या इक्रीत न्हाई.

ग्यानबा : राहू द्या, बाई. तांब्या कुणी घातला?

कडूबाई : म्या. ज्या साली हे गेले त्याच साली. कावळा येऊन काड्या टाकायचा आत. मंग घातला.

ग्यानबा : बंद कसं पडलं हे?

कडूबाई : पडलं न्हाई, केलं. हरभरा पेरून आले. हितं लावलं, असंच, तोंड रस्त्याकडं करून. किल्ली खुंटीला अडकवली. पाठीत दुखतंय म्हणले. भाकर अर्धी खाल्ली. सकाळी उठलेच न्हाईत.

दिपाली : …मावशी, मला मालूम नव्हतं.

कडूबाई : तू इचारलं न्हाईस. दांडी काढलीस थेट.

ग्यानबा : हे लिहून घे, दिपे. चालत आलेलं हाय. धूर टाकत, धडधडत, कण्हत न्हाई आलं. पेरणी करून आलं. मशीनला हात लावायच्या आधी मालकिणीला हा सवाल. कडूबाई, आणखी एक. तांब्या अकरा वर्षं तसाच हाय का कधी काढता?

कडूबाई : पोळ्याला काढते.

ग्यानबा : पोळ्याला. कशाला?

कडूबाई : पूजा करते. हळद-कुंकू लावते. गोंडा बांधते.

ग्यानबा : हळद-कुंकवाला तांब्या काढायला लागत न्हाई.

कडूबाई : तुमी हसाल.

ग्यानबा : मी हसणार न्हाई. माझ्या गॅरेजात एक माणूस ट्रॅक्टरची दृष्ट काढायला मिरच्या रेडिएटरमधी टाकून आला होता. तवाबी हसलो न्हाई.

कडूबाई : तेल पाजते.

दिपाली : कुणाला?

कडूबाई : ह्याला. बैल इकून हे आणलं. तवापासून दावणीला बैल न्हाई. पोळ्याला पुजायचं कुणाला? ह्यांनी म्हणलं, ह्यालाच पुजू. ते नुसतं नारळ फोडायचे. ते गेल्यावर मला वाटलं, काम बंद झालं, खाणं बंद झालं, तर बैलसुद्धा बसून राहतो. बैलाला आपण पोळ्याला नळकांड्यानं तेल पाजतो. तेच नळकांडं होतं घरात. चाकावर पाय देऊन चढते आन ह्या तोंडातून ओतते.

ग्यानबा : कोणतं तेल?

कडूबाई : करडईचं. घाण्याचं. बैलाला दुसरं कोणतं पाजतंय कुणी?

ग्यानबा : किती?

कडूबाई : वाटीभर. ज्या साली करडई लय महागली त्या साली अर्धी.

ग्यानबा : दिपे, लिही. करडईचं तेल, साडेदहा वाट्या.

दिपाली : आबा, आयटीआयच्या पुस्तकात हे न्हाई.

ग्यानबा : म्हणून लिही म्हणलं. आता सांग, आजीच्या तव्याच्या कडंला तेल वाळून काय होतं?

दिपाली : चिकट थर बसतो. उलथण्यानं खरवडला तरी निघत न्हाई.

ग्यानबा : करडईचं तेल तसंच वाळतं. आता दोन गोष्टी असू शकतात. एक, पाणी जाऊन पिस्टन गंजलं. दोन, तेल वाळून पिस्टन चिटकलं. पान्याला दोन्ही सारखंच लागतं, हालत न्हाई म्हंजे हालत न्हाई. पण गंज लोखंड खातो, त्याचं औषध मोठ्या खर्चाचं. चिकटलेलं मात्र डिझेलमधी भिजतं आन सुटतं. कोणतं हाय हे ओळखायचं कसं?

दिपाली : आत पाहून. नॉझल काढते, तिथून भोक पडतं पिस्टनपातूर. तारंला चिंधी गुंडाळून आत घालते.

ग्यानबा : मी आता खोकत न्हाई.

दिपाली : पहिलं कोरडं हाय. चिंधी नुसती काळी झाली, काजळी हाय. दुसरंबी तसंच. तिसरं… अडकायलंय. थांबा. तपकिरी आलंय. बोटाला पाकासारखी तार येती.

ग्यानबा : लाल हाय का कुठं?

दिपाली : न्हाई. बिलकुल न्हाई.

ग्यानबा : वास घे.

दिपाली : भज्याचा.

ग्यानबा : तीनमधल्या ह्याच एका सिलिंडरचा सायलेन्सरकडचा वाल्व उघडा राहिला असंल, बंद केलं त्या दिवशी. सगळं तेल ह्यालाच मिळालं.

कडूबाई : म्हंजे म्याच बंद पाडलं का ह्याला?

ग्यानबा : तेल पाजलं नसतं तर कुणी चालवणार होतं?

कडूबाई : न्हाई. पोराला येत न्हाई. दुसऱ्याच्या हातात द्यावं वाटलं न्हाई.

ग्यानबा : मग बंद तर ते होतंच.

कडूबाई : तसं नका सांगू. चांगलं केलं का वाईट, तेवढं सांगा.

ग्यानबा : चिटकवलं तुमी. आन गंजूबी तुमीच दिलं न्हाई. तेल पाजायला नको होतं, तांब्या घालायलाच पाहिजे होता. निम्मं-निम्मं.

कडूबाई : निम्मं चालंल मला.

दिपाली : आबा, मग हे सुटंल का?

ग्यानबा : नॉझलच्या भोकातून डिझेल भर. रोज सकाळी पान्यानं थोडा जोर दे, जास्ती न्हाई. आठ-पंधरा दिवसांत सुटंल असं माझं मन सांगतं. खातरी कुणी देऊ शकत न्हाई. जो खातरी देतो त्याच्याकडून घेऊ नको.

कडूबाई : चालू झालं तर किती किंमत ह्याची?

दिपाली : आबा, तुमी गप बसा.

ग्यानबा : एक लाख वीस हजार.

दिपाली : बसा म्हणलं होतं.

ग्यानबा : पण एक वीस म्हंजे चालू. त्यातून मागचे टायर, बॅटरी, डिझेल पंपाचं काम, ओढून न्यायचं भाडं, सगळं मिळून पंचावन्न हजार काढा. राहिलं पासष्ट. आता ह्या पासष्टातून आणखी एक वजा करायचं, तेच कुणी करत न्हाई. आपला अंदाज चुकला तर किती बुडंल, ते. ते वजा करून जे राहतं ती बंद ट्रॅक्टरची किंमत. ते किती हे मी सांगणार न्हाई. शेळ्या हिच्या हायत.

कडूबाई : कागद ह्यांच्याच नावावर हायत. ते माझ्या नावावर, मंग हिच्या. त्याला परभणीला चकरा मारायला लागतील.

दिपाली : हे तुमी काहून सांगितलं? मी विचारलं न्हाई.

कडूबाई : हे दादा सगळंच सांगायलेत. म्या एकटीनं लपवलं तर बरं दिसत न्हाई.

दिपाली : मग माझंबी ऐका, मावशी. आबांनी आकडा सांगितलाच हाय. भंगार सेहेचाळीस. माझ्याकडं बेचाळीस. त्यातच ओढून न्यायचंय, त्यातच बॅटरी. खोटं बोलून कमी करता येईना, खरं बोलून पुरंना. जमत न्हाई. चला आबा, जिंतूरची बस गाठू.

ग्यानबा : चल. वहीत लिहिलंस ना सगळं?

दिपाली : लिहिलं.

(कडूबाईंचा फोन वाजतो.)

कडूबाई : कोण? हां, बोल. कुठं आलास? …जिंतूर सोडलं. …व्हय, कटर आणलाय का. …सीट आधी काढतो, मंग मधून कापतो. बरं. थांब जरा, फोन ठेवू नको. पोरी, खाली बस.

दिपाली : बस जाईल, मावशी.

कडूबाई : बस जाती आन दुसरी येती. बैलबाजारात कधी गेलीस का?

दिपाली : शेळ्यांच्या बाजारात गेलेय.

कडूबाई : तिथं रुमालाखाली हात घालतात का?

दिपाली : जुनी माणसं घालतात. बोटं धरून आकडा सांगतात. बाकीच्यांला कळत न्हाई.

कडूबाई : आण हात. रुमाल न्हाई, पदर हाय. दादा, तुमी तिकडं तोंड करा, देवळाकडं. लोकं लांबून येतात ती देवळं पाहायला, तुमीबी पाहा.

ग्यानबा : मी पाहिलीत.

कडूबाई : परत पाहा. तुमच्या तोंडानं भाव वर जातो.

दिपाली : हे एक बोट म्हंजे दहा हजार ना?

कडूबाई : दहा. हे धर.

दिपाली : हे तर… मावशी, तुमी चुकून कमी धरायलात.

ग्यानबा : खों.

कडूबाई : दादा, देऊळ.

दिपाली : हे भंगाराच्या खाली हाय.

कडूबाई : मला मालूम हाय. कापूस इकलाय म्या. पण भंगारवाला एकदा पैसे देणार आन जाणार. तू दरसाल माझी दोन एकर नांगरून देशील. ह्याच ट्रॅक्टरनं. भाडं न्हाई. डिझेल माझं.

दिपाली : चालू झालं तर.

कडूबाई : चालू झालं तर. न्हाई झालं तर तुझ्या शेळ्या गेल्या आन माझी नांगरट गेली.

ग्यानबा : चाळीस वर्षांत असा सौदा मला सुचला न्हाई.

कडूबाई : तुमी देवळाकडं पाहत नव्हता.

दिपाली : आन हे आणखी एक बोट कमी कशाचं?

कडूबाई : ते तेलाचं. चिटकवलं म्या, तर भिजवायचं तुझ्या एकटीवर कशाला? तेवढं कमी. आता तूबी धर, म्हंजे पक्कं.

दिपाली : धरलं.

कडूबाई : हॅलो. हायस का? येऊ नको. …न्हाई, दुसऱ्या भंगारवाल्याला दिलं न्हाई. …काय झालं म्हंजे? वजन वाढलंय त्याचं. ठेव.

ग्यानबा : वळू का आता?

कडूबाई : वळा.

ग्यानबा : कितीला ठरलं?

दिपाली : तुमाला सांगायचं न्हाई, असं ठरलंय.

ग्यानबा : ओढून न्यायला उरले का?

दिपाली : उरले.

ग्यानबा : बॅटरीला?

दिपाली : तिलाबी.

ग्यानबा : मग मालूम झालं मला.

कडूबाई : मालूम झालं तर पोटात ठेवा. पोरी, ही घे किल्ली. खुंटीची खूण पडलीय तिला, घासू नको. ओढून नेताना तांब्या असू दे वर. येलदरीला धरणाचं वारं लय, पाखरंबी लय.

दिपाली : तांब्या इक्रीत न्हाई म्हणला होता.

कडूबाई : इक्रीत न्हाईच. वापरायला दिलाय. आन पोळ्याला ट्रॅक्टर हितं आणून उभं करायचं. सकाळी. सांजच्याला ने परत.

दिपाली : आणीन. चालवत आणीन.

ग्यानबा : कडूबाई, त्या दिवशी पूजा करा, गोंडा बांधा, नारळ फोडा. पण तेल पाजू नका.

कडूबाई : न्हाई पाजणार.

ग्यानबा : वाटीभरसुद्धा न्हाई.

कडूबाई : न्हाई म्हणलं ना, दादा. वाटी समोर धरून नुसतं दाखवीन त्याला.